विमानासाठी चोपलेली जमीन

उत्तर नायजेरियातल्या गिदान त्सामिया गावच्या बाजरीच्या रानात विमान पोटावर पडलं होतं, आणि पेनफोल्ड साहेब म्हणत होता, जाळून टाका.

वालेन्टी द्रोब्चिक लॉरीतून उतरतोय तोच हे कानावर आलं. कानोपासून सत्तर मैल खड्ड्यांतून आदळत आलेला माणूस, दाढीमिशीत धूळ, पाठ मोडलेली. तो आधी विमानाकडे गेला. दोन्ही हात त्याच्या पत्र्यावर टेकवले आणि नुसता उभा राहिला. हे विमान त्यानंच जोडलं होतं. टाकोराडीच्या बंदरात बोटीवरून लाकडी पेट्या उतरायच्या, एका पेटीत धड, दुसरीत पंख, आणि वालेन्टी मिस्त्री आणि त्याची माणसं त्यातनं चार दिवसांत उडणारं विमान उभं करायची. मग विमानाच्या वहीत त्याची सही, आणि सही झाली की वैमानिक ते घेऊन निघायचा, लागोस, कानो, पुढं वाळवंट ओलांडून पार इजिप्तच्या लढाईत. सहीशिवाय विमान जागचं हलत नव्हतं.

"इंजिन बंद पडलं," पेनफोल्ड म्हणाला. हा इंग्रज अधिकारी. वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडे वेळ नव्हता. "तुझं जोडलेलं इंजिन, तुझी सही. चौकशी होईल ती होईल. तोवर तू सही करायची नाहीस. बंदरावर पेट्या उतरवायला जा. यातल्या बंदुका काढ, घड्याळं काढ, बाकी पेटव."

"साहेब, इंजिन मी बघू का आधी?"

"बघून काय करणार? समजा चालू झालं. इथून उडवणार कसं? पाय टाक जरा."

वालेन्टीनं पाय टाकला. बूट घोट्यापर्यंत वाळूत.

आता हा वालेन्टी कोण, तर पोलंडच्या एका खेड्यातल्या गाडीची चाकं करणाऱ्या सुताराचा मुलगा. चार यत्ता शाळा. फौजेत गेला, तिथं विमानाच्या इंजिनाला हात लागला आणि मग दुसरं काही सुचलंच नाही. एकोणचाळीस साली देश गेला. रुमानियाच्या हद्दीपाशी हुकूम आला, विमानं शत्रूच्या हाती लागता कामा नयेत, पेटवा. पेटवली. पळत पळत फ्रान्सला गेला, तिथं पुन्हा विमानं धरली, पुढच्या जूनमध्ये तोही देश गेला आणि पुन्हा तोच हुकूम. पुन्हा पेटवली. दोन्ही वेळा काडी त्याच्याच हातात होती. मग इंग्लंड, आणि तिथून बोटीनं आफ्रिका. तिसऱ्यांदा काडी ओढायची त्याची तयारी नव्हती.

"आठ दिवस द्या," तो म्हणाला.

"कशाला?"

"आठ दिवसांत उडालं नाही तर मी स्वतः पेटवतो. आणि जन्मभर पेट्या उतरवतो, तोंड उघडणार नाही."

पेनफोल्डनं त्याच्याकडे बघितलं, रानाकडे बघितलं. "पुढच्या गुरुवारी येतो," म्हणाला. "येताना रॉकेल घेऊन येतो." आणि आपल्या गाडीत बसून गेला.

मागं राहिला लॉरीवाला तांको. कानोचा गडी, तोंडाळ, चार भाषा बोलायचा आणि चारही भाषांत टिंगल करायचा. आणि राहिला तो विमान पाडणारा वैमानिक, लेफ्टनंट येरेमी ओकुलिच, हाही पोलंडचाच. चिंचेच्या सावलीत कपाळाला फडकं बांधून बसला होता.

वालेन्टी सकाळभर इंजिन उघडून बसला. तेल बघितलं, पेट्रोलची नळी फुंकली, ठिणगी बघितली. सगळं ठणठणीत. मग तो वैमानिकाच्या जागेत वाकला आणि इंजिनाला जोर देणारा दांडा बघितला. दांडा पार मागं ओढलेला.

तो खाली उतरला आणि चिंचेखाली येऊन बसला.

"मागं ओढलात," वालेन्टी म्हणाला.

येरेमीनं मान हलवली. "धूळ इतकी की पुढचं विमान दिसेना. वाट कळावी म्हणून आगगाडीचे रूळ शोधायला खाली आलो. एकदम समोर झाड. आणि हात..." त्यानं आपला डावा हात उलटा करून बघितला, जणू दुसऱ्याचाच आहे. "हातानं आपल्याकडचं केलं."

सांगायचं म्हणजे, त्यांच्या देशातल्या जुन्या विमानांत जोर हवा असला की दांडा मागं ओढायचा. फ्रान्समध्येही तसंच. इंग्रजांच्या विमानात पुढं ढकलायचा, मागं ओढला की जोर जातो. येरेमीनं नऊ वर्षं मागं ओढला होता आणि पाच महिने पुढं ढकलला होता. घाबरलेल्या माणसाच्या हाताला नऊ वर्षंच आठवतात.

"मी पेनफोल्डला सांगतो आजच. लॉरीनं जातो."

"सांगाल आणि ते तुम्हाला जमिनीवर बसवतील. आपल्यात वैमानिक आहेत किती? आणि विमान तर तरीही जाळतीलच."

"मग तुझी सही जाते, मिस्त्री."

"आधी हे उठवू. मग कोण काय सांगतो ते बघू."

"आणि नाही उठलं तर?"

"तर तुमच्यावर एवढा चिडेन की सांगायची सोय नाही. तोवर फावडं घ्या."

पोटावर पडलेलं विमान उचलायचं कसं? उचलायचं नाहीच. वालेन्टीनं पंखांखाली जमीन खणून दोन खड्डे पाडले, वरून हातपंप मारून चाकं खाली सोडली, ती खड्ड्यांत उतरली. मग खड्ड्यापुढं उतार काढला आणि गावातल्या साठ माणसांनी दोर लावून ओढलं. विमान बैलासारखं हंबरलं आणि उताराला लागून वर आलं, आपल्या पायांवर उभं. तांकोनं तोवर कानोहून नवा पंखा आणला, पुढं फिरतो तो, जुन्याच्या काड्या झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन सुरू झालं आणि गावातली शेळी न शेळी पळाली.

वालेन्टीचा चेहरा असा फुलला की तांको म्हणाला, "मिस्त्री, बायकोला मुलगा झाला का काय?"

मग येरेमीनं दांडा पुढं ढकलला. विमान दहा पावलं गेलं, चाकं वाळूत बसली, शेपूट वर उठायला लागलं. येरेमीनं घाईघाईनं इंजिन बंद केलं, नाहीतर नवा पंखाही गेला असता. सगळं थांबलं. पेनफोल्डचं म्हणणं खरंच होतं. उडणारं विमान आणि उडायला जागा नाही.

साठ माणसांनी ते पुन्हा मागं ओढलं. तांकोनं दोर गुंडाळून लॉरीत टाकले.

चौथ्या दिवशी सकाळी वालेन्टी देलूआत्याच्या अंगणात बसला होता. देलूआत्या म्हणजे गावातली मोठी बाई, सगळ्यांचीच आत्या. गेले तीन दिवस या परक्या माणसांना तीच ताकात कालवलेले बाजरीचे गोळे पाठवत होती. वालेन्टीसमोर भोपळ्याचं भांडं होतं, पण त्यानं त्याला हात लावला नव्हता. विचार करता करता तो बुटाची टाच जमिनीवर आपटत होता. टक. टक. टक.

आणि मग त्याची टाच थांबली. त्यानं खाली बघितलं. वाकून बोटानं जमीन वाजवली. खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि टोक दाबलं. शिरेना.

"ए तांको," तो म्हणाला. "हे सिमेंट कुठून आणलं यांनी?"

तांको हसायला लागला. आत्यानं विचारलं काय झालं, त्यानं सांगितलं, तीही हसायला लागली.

"सिमेंट कसलं," आत्या म्हणाली. "मुरूम आणि चोपणी. आणि दोरावाच्या झाडाच्या शेंगांची सालं उकळून काढलेलं पाणी. या जमिनीवर मी तीन सुना उतरवल्या. आणि तू माझ्या जमिनीत खिळे खुपसतोस?"

"कोण करतं हे?"

"बायका. आणखी कोण? पुरुषांना एका तालात चार घाव घालता येत नाहीत."

वालेन्टी भांडं बाजूला ठेवून उभा राहिला. "आत्या, मला तीनशे पावलं लांब जमीन करून देशील? सहा पावलं रुंद?"

तांकोनं ते सांगायच्या आधी दोनदा विचारून घेतलं. मग सांगितलं. आत्यानं काडीनं दात कोरणं थांबवलं.

"ही कुणाची खोली, एवढी लांब?"

"खोली नाही. विमानासाठी."

"मग नाही. जमीन नव्या नवरीच्या खोलीसाठी चोपतात. ढोल लागतो, गाणी लागतात, सात गावच्या बायका येतात. उगीच रानात कोण जमीन चोपतं? लोक म्हणतील, देलू म्हातारचळली."

वालेन्टी डोकं खाजवत राहिला. मग रानाकडे बोट दाखवून म्हणाला, "नवरी आहे. ती काय उभी आहे."

आत्यानं वळून विमानाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "अंगानं धिप्पाड आहे," म्हणाली. "नवरा कोण?"

वालेन्टीनं चिंचेखाली बसलेल्या लेफ्टनंट येरेमीकडे बोट केलं.

"तो? त्यानं तर तिला आपटलं."

"म्हणूनच आता नीट लग्न लावून द्यायचं."

हे ऐकून आत्याला इतकं हसू फुटलं की तिला भिंतीला धरावं लागलं. हसणं झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि अटी सांगितल्या. नवऱ्याकडून प्रत्येक गावाला टोपलीभर कोला, लग्नात सुपारीसारख्या वाटतात त्या बिया. पुरुषांनी मुरूम आणि पाणी आणायचं, एक शब्द न बोलता. ढोलवाला तिच्या पसंतीचा. आणि चोपलेल्या जमिनीवर ती हो म्हणेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही.

"कबूल," वालेन्टी म्हणाला.

"त्याला विचार, त्याला कबूल आहे का. लग्न त्याचं आहे."

येरेमीला सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला, टोपी काढली आणि आत्यापुढं वाकला. बायकांमध्ये हशा पिकला. जमलं.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघायला पाहिजे होतं. सात गावांतून बायका निघाल्या, डोक्यावर चोपण्या, कडेवर पोरं. तीनशे तरी असतील. पुरुष टेकाडावरून मुरूम आणत होते, गाढवांवरून पाणी येत होतं, मोठ्या मडक्यांत शेंगांची सालं उकळत होती आणि तांबडंलाल पाणी निघत होतं. बायका ओळीनं उकिडव्या बसल्या, ढोल घुमला आणि चोपण्या एकदम खाली आल्या. तीनशे चोपण्या, एक आवाज. ओळ एक वीत पुढं सरकली. पुन्हा एक आवाज. गाणं एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं, आणि गाण्यात नवऱ्याची यथेच्छ अब्रू काढायची.

"काय म्हणतायत?" येरेमीनं तांकोला विचारलं.

"म्हणतायत, नवरा आकाशातून पडला, सासूबाई, झाडाला विचारा कसा पडला."

"यांना कसं कळलं झाडाचं?"

"साहेब, झाड गावाचंच आहे. सगळ्यांनी बघितलं."

दोन दिवसांत दीडशे पावलं झाली. आणि इथं वालेन्टी मिस्त्रीनं माती खाल्ली. मंगळवार उजाडला होता, अर्धं काम बाकी. त्यानं हिशेब केला की बायकांनी चोपण्याऐवजी लॉरी फिरवली तर चौपट वेगानं होईल. यंत्रावर जगलेला माणूस, त्याचा हातापेक्षा चाकावर विश्वास. आत्या झऱ्यावर गेलेली असताना त्यानं तांकोला ओल्या मुरुमावर लॉरी घालायला लावली.

तांको म्हणाला, "मिस्त्री, आत्या काय म्हणाली होती?"

"घाल."

लॉरी वीस पावलं गेली. मागं दोन चर उमटले आणि दोन्ही बाजूंनी जमीन चिरत गेली, थेट चोपून वाळलेल्या भागापर्यंत. आत्या घागर घेऊन आली तेव्हा ढोल बंद होता आणि तीनशे बायका वालेन्टीकडे बघत होत्या.

आत्यानं घागर खाली ठेवली. चिरांवरून चालत गेली, वाकली, एक ढेकूळ उचललं आणि वालेन्टीच्या हातात दिलं.

"तुझ्या त्या इंजिनात मी येऊन हात घातला का?" तिनं विचारलं, आवाज न चढवता. "विचारलं का, की हे एवढे खिळे कशाला, दोन काढून टाक, लवकर होईल? वाळू खालून सरकते बाबा. चाक दाबतं, घाव बसवतो. तुला ते कळत नाही, ठीक आहे. मला कळतं. मग मला विचारायचं."

तांकोनं एकेक शब्द सांगितला, काही गाळलं नाही. वालेन्टीचे कान लाल झाले. हे सगळं तो स्वतः नव्या पोरांना कितीदा तरी बोलला होता.

"चुकलो, आत्या," तो म्हणाला. "आता काय करू?"

"ती चोपणी घे. त्या टोकाला बस. पोरी सांगतील तसं मार."

तो बसला. येरेमीही बसला. एका बाजूला दहा मुलांची आई, दुसऱ्या बाजूला कालची नवी सून, आणि मध्ये युरोपातले दोन गडी, दोघांचेही घाव तालाच्या मागं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पण चिरलेली जमीन उकरून पुन्हा केली. अर्धा दिवस गेला. बुधवारी आत्यानं आणखी दोन गावं बोलावली, ढोलवाल्याला म्हणाली, हात जड झाले तर दुसरा बघते, आणि दिवस मावळायच्या आत तीनशेव्या पावलावर शेवटची चोपणी पडली. वरून तांबडं पाणी फिरवलं. जमीन अशी तुळतुळीत की तांको म्हणाला, यावर नमाजाला चटई लागणार नाही.

गुरुवारी सकाळी पेनफोल्ड आला. गाडीत रॉकेलचे दोन डबे. गाडीतून उतरला आणि थांबला. रानात तांबडा पट्टा, त्याच्या टोकाला विमान, बंदुका काढून हलकं केलेलं, कानोपुरतंच पेट्रोल भरलेलं, आणि दोन्ही बाजूंना नऊ गावं.

तो सरळ पट्ट्यावर गेला आणि बुटाची टाच मारली. मग दुसरी मारली. मग आत्याकडे बघितलं, कारण आत्या त्याच्या बुटाकडे बघत होती.

"हे किती दिवस टिकेल?" त्यानं विचारलं.

"माझ्या सासूची जमीन या साहेबापेक्षा म्हातारी आहे," आत्या म्हणाली. "त्याला म्हणावं, बूट काढ."

तांकोनं फक्त पहिलं वाक्य सांगितलं.

पेनफोल्डनं विमानाची वही मागितली. "सही कोण करणार? तुझी मी बंद केली आहे."

वालेन्टी काही बोलायच्या आत येरेमी पुढं आला. टोपी नीट केली. "इंजिन बंद पडलं नव्हतं, साहेब. मी दांडा मागं ओढला. आमच्याकडच्या सवयीनं. याची काही चूक नाही. आठ दिवस यानं मला बोलू दिलं नाही."

पेनफोल्ड त्याच्याकडे बघत राहिला. वाऱ्यानं वहीची पानं फडफडत होती. वालेन्टीला वाटलं, झालं, आता दोघंही गेलो.

"याबद्दल कानोला बोलू," पेनफोल्ड येरेमीला म्हणाला. "हे तू उडवत नेशील आणि कानोला नीट उतरवशील, मग बोलू. मला वैमानिक कमी पडतायत, ते तुलाही माहीत आहे." मग त्यानं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वालेन्टीपुढं धरलं. "टाकोराडीला सहा पेट्या आल्यात. त्यांच्यावरही तुझीच सही लागेल."

वालेन्टीनं हात पँटला पुसले, तरी वहीवर तेलाचं बोट उमटलंच. पूर्ण नाव लिहिलं, रकान्याबाहेर गेलं. मग विमानाच्या पंखावर चढला आणि येरेमीच्या कानाशी वाकला.

"पुढं," तो म्हणाला. "काहीही दिसू दे. पुढं."

"आता तूही सासूबाई झालास का?" येरेमी म्हणाला.

इंजिन धडाडलं. धूळ उठली नाही. उठायला तिथं धूळ नव्हतीच. येरेमीचा डावा हात पुढं गेला, वालेन्टीनं तो जाताना बघितला, आणि विमान निघालं. शंभर पावलांवर शेपूट उठलं. दोनशेवर विमान बोटांवर धावल्यासारखं दिसायला लागलं. वालेन्टी पट्ट्याच्या कडेनं पळत होता, का पळतोय ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि मग चाकं सुटली. विमान बाभळींच्या शेंड्यांवरून गेलं, वर गेलं, गर्रकन वळलं आणि सगळ्या गावांच्या डोक्यावरून परत आलं. बायकांनी जिभा हलवून असा आवाज काढला की इंजिनही त्यात बुडालं. तीनशे चोपण्या वर उठल्या. तांको लॉरीच्या टपावर चढून नाचत होता. पेनफोल्डनं टोपी काढून हातात धरली होती आणि हसू दाबायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं.

वालेन्टी धापा टाकत थांबला तेव्हा त्याच्या गालांवर ओलं होतं, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याचं विमान वर होतं. कुणी पेटवलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात दोन देशांतून तो मागं धूर ठेवून निघाला होता. आज वर बघत होता तर आकाश स्वच्छ होतं.

विमान दिसेनासं झाल्यावर आत्या त्याच्याजवळ आली, आणि दोघं चाकांच्या खुणा बघत पट्ट्यावरून चालत निघाले. आत्या मध्येच बसायची, बोट फिरवायची, पुढं जायची. एकही चीर नव्हती. दोनशे चाळिसाव्या पावलावर खुणा संपल्या. पुढं नुसती कोरी तांबडी जमीन.

आत्यानं उरलेल्या जमिनीकडे बघितलं. मग वालेन्टीकडे.

"साठ पावलं उगीच चोपून घेतलीस," ती म्हणाली.